उद्देशिकेचे जाहीर वाचन कुठवर?



२६ जानेवारी १९३० रोजी देशभरच्या सभांतून पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचली गेली. शेतसारा, मिठावरील कर, बुडालेली हातकताई असा परकीय लुटीचा रोखठोक पाढाच तिच्यात होता. ऐकणाऱ्या शेतकऱ्याला त्यात स्वतःचीच कैफियत ऐकू आली.

२०१९-२० मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धच्या निदर्शनांत संविधानाची उद्देशिका रस्त्यावर वाचली गेली, तेव्हा तिलाही तोच प्राण लाभला. 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे १९७६ साली घातलेले शब्द वगळण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळली. तरी ते उच्चारताना आवाज खाली आणणारे आहेतच!

परंतु उद्देशिकेपाशीच का थांबावे? 'आर्थिक न्याय' हे शब्द आले की अनुच्छेद ३९ वाचावा : साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हितासाठी विभागले जावे, संपत्ती मूठभरांच्या हाती एकवटू नये, असे धोरण राज्याने ठेवावयाचे आहे. लगोलग अनुच्छेद ३७ वाचावा : ही तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत, मात्र कोणत्याही न्यायालयाकरवी अंमलात आणता न येणारी! कारखान्याच्या गेटसभेत हे दोन्ही अनुच्छेद एकापाठोपाठ वाचा. कंत्राटी कामगार विचारील, "मग अंमल करावयाचा कोणी?" तेथे कागद खाली ठेवावा आणि चर्चेला आरंभ करावा.