आजारपणाआधीची काळजी

वार्धक्यातील आरोग्याचा विषय निघाला की चर्चा रुग्णालय आणि त्याचे देयक यांपाशीच थांबते. विम्याची रचनाही तशीच असते. न्हाणीघरात पाय घसरून आजींचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेचा खर्च मिळतो. तेथे आधीच धरायला दांडी बसवायची म्हटले, तर तो खर्च कोणत्याच रकान्यात बसत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीने हा क्रम उलटा केला. १९७०च्या दशकाच्या आरंभी तेथील धुरिणांना वृद्धांसाठी शुश्रूषागृह उभारायचे होते. मारी-लुईस अन्साक या समाजसेविकेने अभ्यासाअंती वेगळा मार्ग सुचवला. वृद्धांनी आपल्याच घरी राहावे, दिवसा केंद्रात यावे. १९७३ साली ‘ऑन लॉक’चे दिवसकेंद्र सुरू झाले. या चिनी नावाचा अर्थ शांत, सुखी निवास.

१९८३ पासून या संस्थेला प्रत्येक सभासदामागे दरमहा ठरावीक रक्कम आगाऊ मिळू लागली. त्या रकमेत औषध, व्यायामोपचार, भोजन, वाहन, घरची मदत, एवढेच नव्हे तर रुग्णालय आणि शुश्रूषागृहाचा खर्चही संस्थेनेच भागवायचा. त्यामुळे सभासदाला धडधाकट ठेवणे हेच तिच्या हिताचे ठरले. दांडीचा खर्च आता उधळपट्टी राहिला नाही.

पुढे हीच पद्धत ‘पेस’ या नावाने देशभर गेली आणि १९९७च्या कायद्याने तिला कायमचे स्थान मिळाले. वय ५५ वर्षे वा अधिक, शुश्रूषागृहात ठेवण्याइतकी गरज, तरीही मदतीच्या आधारे घरी सुरक्षित राहणे शक्य, अशांसाठी ती आहे. डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ यांच्या बैठकीत वाहनचालकालाही स्थान असते. कारण दार उघडायला काल आजोबांना किती वेळ लागला, हे त्यालाच ठाऊक असते!

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. रक्कम ठरलेली असली की उपचारात हात आखडता घेण्याचा मोह होतो. सभासदाला कधीही बाहेर पडता येते, हा त्यावरचा एक अंकुश. शिवाय संस्थेच्याच वैद्यकीय चमूकडे जावे लागते. वर्षानुवर्षांचे घरचे डॉक्टर बहुधा सुटतात. म्हातारपणी ही किंमत लहान नव्हे.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना सत्तरी गाठलेल्या सर्व नागरिकांना खुली झाली. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण मोलाचेच आहे. परंतु त्याचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. रुग्णालयात जाण्याआधीचे आणि तेथून परतल्यानंतरचे दीर्घ दिवस कुटुंबाच्या, बहुधा घरातील एखाद्या स्त्रीच्याच, खांद्यावर पडतात.

डॉक्टर, परिचारिका, रिक्षावाले आपल्या वस्तीतही आहेत. त्या सर्वांना एका सूत्रात ओवून एका वृद्धाची संपूर्ण जबाबदारी घेणारी संस्था मात्र विरळा. ऑन लॉकचा आरंभही एका वस्तीतूनच झाला होता, हे ध्यानी घ्यावे.