काठावरून येणारी वीज

कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या पूर्व तीरावर गार्डन रीच वसलेले आहे. पैलतीरी १७८७ साली स्थापन झालेले शिवपूरचे वनस्पतिउद्यान; अलीकडे जहाजांचा कारखाना. १८८४ साली नदीतील आगबोटींच्या दुरुस्तीसाठी त्याची सुरुवात झाली. १९६० साली भारत सरकारने तो ताब्यात घेतला आणि १९६१ साली ‘अजय’ ही स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका तेथून नौदलाला मिळाली.

अशा ठिकाणी धक्क्याला लागलेले जहाज आपली जनित्रे बंद करते. मग दिवे, पंखे आणि पाणी उपसणारे पंप चालावेत कसे? त्यासाठी काठावरून एक जाड केबल जहाजावर नेतात. आईच्या नाळेसारखी ती जहाजाला पोसते; पण हयगय झाली तर तीच काळ ठरते.

पहिला प्रश्न जुळणीचा. पुष्कळ जहाजांवरील वीज सेकंदाला ६० आवर्तनांची असते, तर आपल्या देशातील ५० आवर्तनांची. तेव्हा योग्य परिवर्तक हवा. त्रिकला विजेतील तारांचा क्रम उलटला, तर मोटारी उलट्या फिरतात. शिवाय हुगळीला भरती-ओहोटी आहे, आणि कधी ‘बान’ नावाची पाण्याची लाटही नदीत वर चढत येते. जहाज वर-खाली होते. म्हणून केबलला पुरेसा ढिलेपणा ठेवावा लागतो. ती ताणली जाऊ नये, आणि पाण्यात किंवा लोखंडी कडेवर घासली जाऊ नये.

दुसरा प्रश्न क्रमाचा. काठावरचा खटका बंद असताना, आणि तो चुकून कोणी सुरू करणार नाही अशी व्यवस्था करूनच, केबल जोडावी. आधी अर्थिंगची खात्री, मग जोडणी, आणि सर्वांत शेवटी खटका. सोडताना हा क्रम नेमका उलटा. घाईत उचललेले जिवंत टोक कोणाचाच मुलाहिजा ठेवीत नाही.

ही शिस्त केवळ जहाजांसाठी नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. अशी फिरत्या घराची मोटार मुक्कामाच्या जागी उभी राहिली की तिलाही काठाचीच वीज लागते, म्हणजे जमिनीवरची. तेथेही आधी केबलचे टोक गाडीला जोडावे, मग जमिनीवरील बंद खटक्याच्या जोडणीत, आणि नंतर खटका सुरू करावा. ३० मिलिअँपिअरइतकी गळती होताच वीज तोडणारे संरक्षक उपकरण त्या मार्गावर असावेच. दोन्ही टोकांना उघड्या पिना असलेली वायर मात्र कधीही करू नये. एक टोक विजेला लागताच दुसऱ्या टोकाच्या पिना जिवंत होतात, आणि धरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

केबल ठेवण्याची रीतही याच विवेकाची आहे. रिळावर गुंडाळलेली केबल तशीच वापरू नये. वीजप्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते. वेटोळ्यात ती बाहेर पडू शकत नाही आणि आवरण वितळू लागते. म्हणून वापरताना केबल पूर्ण उलगडावी. काम संपल्यावर पुसून, कोरडी करून, पीळ न पडेल अशी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळावी. टोकांना झाकणे लावावीत, उन्हापासून व तेलापासून दूर ठेवावी. आवरणावर चीर दिसली, तर चिकटपट्टी लावून तिच्यावर विसंबू नये. केबल कामातून काढावी.

गणेशोत्सवाच्या मांडवातील वायरीलाही हेच नियम लागू आहेत. पावसाळ्यात, ओल्या गवतावर, शेकडो माणसांच्या पायांखाली ती पडलेली असते. वीज डोळ्यांना दिसत नाही. तिच्याविषयीची सावधगिरी मात्र हाताच्या सवयीत दिसली पाहिजे. धक्क्यावर जहाजाचा दिवा रात्रभर शांतपणे तेवत असतो, तो अशाच कोणा जागरूक हाताच्या भरवशावर.