पेल्यातले पाणी, रानातली ओल



समोरच्या टेबलावर काचेचा पेला आहे. जवळ येऊन पाहा. पाणी मधे सपाट दिसते, पण काचेला टेकते तिथे त्याची कड वर चढलेली आहे. का? पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, पण काचेची ओढ त्याहून जास्त. म्हणून कड चढते. आतून मेण फासा, तीच कड खाली वळेल.

याचा पुरावा आपल्याच घरात आहे. वेचणीचा कापूस पाण्यावर टाका, तरंगतो. त्याच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. तो थर काढलेला दवाखान्यातला कापूस मात्र लगेच पाणी पितो.

आता पेल्याऐवजी बारीक नळी घ्या. तिथे कड सगळे पाणीच ओढून वर नेते. २ मिलिमीटर रुंद नळीत पाणी सुमारे दीड सेंटिमीटर चढते. ०.२ मिलिमीटरच्या नळीत १५ सेंटिमीटर, म्हणजे अर्धा फूट! नळी जितकी बारीक, तितके पाणी उंच.

आपल्या काळ्या रानात मातीच्या कणांमधल्या फटी याहूनही बारीक. वरची माती सुकली की खालची ओल याच वाटांनी वर येते आणि उडून जाते. पुढे भेगा पडतात, मग तर खोलातली ओलही उघडी पडते. रब्बी ज्वारीची सारी भिस्त याच ओलीवर.

कोळपे म्हणा की डवरा म्हणा, त्याचे पाते या वाटा तोडते, भेगा बुजवते आणि वर भुसभुशीत मातीचे पांघरूण घालते. भारी जमिनीत भेग बुजणे हेच मोठे काम. म्हणून ज्वारीला तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करायची. शेवटची दातेरी कोळप्याने, कारण तोवर जमीन टणक झालेली असते.

आम्हीही एका साली रानात तण नाही म्हणून शेवटची पाळी टाळली. बैलभाडे वाचले, पण भेगांत पाय जाऊ लागला आणि कणसे भरलीच नाहीत. आज बैल कमी झाले, मजूर मिळत नाही, तेव्हा तणनाशकावर भागवावेसे वाटते. त्याने तण मरेल, भेग बुजणार नाही.

एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे सांगत. का, ते हा पेला सांगतो. तेव्हा तण नसले तरी पाळी चुकवू नका.