रोगाला जात नाही, बंदोबस्ताला आहे

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनी, ता. १० मार्च रोजी, एका तालुक्याच्या गावी बाजारतळावर भरलेल्या सभेत केलेले भाषण.)



आजचा दिवस आपण दरसाल पाळतो. तसबिरीला हार घालतो, जयजयकार करतो आणि घरोघर जातो. परंतु ही माउली गेली कशाने, हे आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मुलाबाळांना सांगितले आहे? सावित्रीबाई प्लेगाने गेल्या. इ. स. १८९७ साली पुण्यात प्लेगाने कहर केला, तेव्हा त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांनी हडपसरनजीक ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एक पोर प्लेगाने तळमळते आहे असे कळताच या सहासष्ट वर्षांच्या बाईने त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. पोर वाचले, आणि बाईंना रोगाने गाठले. ता. १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याच्या एकच महिना आधी, ता. ९ फेब्रुवारीस, मुंबईत गिरणी कामगारांचे पहिले पुढारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हेही प्लेगात लोकांची सेवा करता करता त्याच रोगाने गेले. आपल्या चळवळीची दोन मोठी माणसे एका महिन्यात एका साथीने नेली. आणि ती घरात दार लावून बसली होती म्हणून नव्हे, तर दाराबाहेर पडली म्हणून नेली.

म्हणून आज मी साथीविषयीच बोलणार आहे. कोणी म्हणेल, करोनाची साथ होऊन गेली, आता ते रडगाणे कशाला? माझे म्हणणे असे की, छप्पर गळते हे पावसात कळते, पण शाकारायचे असते उन्हाळ्यात. साथ ओसरलेली आहे, हाच शाकारण्याचा काळ होय.

आपण एक वाक्य नेहमी ऐकतो, की रोग जात पाहत नाही, गरीब-श्रीमंत पाहत नाही. वाक्य गोड आहे, आणि अर्धेच खरे आहे. रोगाला डोळे नाहीत हे खरे. परंतु रोगाचा जो बंदोबस्त माणसे करतात त्याला डोळे असतात, आणि ते डोळे आधी वाडा पाहतात आणि मग झोपडी पाहतात. इ. स. १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे मेली. त्या वेळचा मुंबई शहराचा हिशेब नमूद आहे, तो ऐका. दर हजारी युरोपियन मेले ८, पारशी मेले ९, वरच्या जातीचे हिंदू मेले सुमारे १९, आणि ज्यांना तेव्हा हलक्या जातीचे म्हणत ते मेले ६१ हून अधिक. शहर एक, हवा एक, रोग एक. मग नऊ आणि एकसष्ट हा फरक कोठून आला? तो दाटीच्या खोलीतून आला, रिकाम्या मडक्यातून आला, आणि ज्या घरी वैद्य कधीच गेला नाही त्या घरातून आला. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. ज्याच्या अंगात अन्न नव्हते तो आधी पडला.

कोणी म्हणेल, हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले. तर मग परवाचे पाहा. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत लोकांचे रक्त तपासले. झोपडपट्टीतील शंभरांपैकी सत्तावन्न माणसांना करोना होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. त्याच विभागांतील इमारतींत राहणाऱ्या शंभरांपैकी सोळांना. "अंतर ठेवा" असा हुकूम दोघांनाही एकच होता. परंतु दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे राहतात, त्यांनी अंतर ठेवावे कोठे? आणि त्या अंतराला नाव काय दिले, तर 'सामाजिक अंतर'! ज्या देशात हजारो वर्षे माणसाने माणसाला सामाजिक अंतरावर उभे केले, त्या देशात हा शब्द उच्चारताना कोणाची जीभ अडखळली नाही, याचे मला आश्चर्य वाटते. शरीराचे अंतर म्हणावयाचे होते. म्हटले सामाजिक, आणि कित्येक ठिकाणी पाळलेही सामाजिकच.

आता बंदोबस्त कसा करू नये ते पाहू. इ. स. १८९७ च्या फेब्रुवारीच्या चार तारखेस इंग्रज सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. त्यात अंमलदाराला अधिकार दिले आणि त्याच्यावर फिर्याद होऊ नये अशी तजवीज केली. कोंडलेल्या माणसाच्या पोटाची सोय कोणी करावी, याचे कलम त्यात नाही. पुण्यात रँडसाहेबाच्या कमिटीने सोल्जर घरात घातले, माणसे ओढून नेली, चीजवस्तू जाळली. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. मुंबईत तर त्याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही अशी त्यांची समजूत झाली होती. ते अडाणी होते असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याला कोणी काही समजावून सांगितले नाही, ज्याच्या घरी सरकार केवळ दंडुका घेऊनच आले, त्याने विश्वास ठेवावा कशाच्या बळावर? पुढे ज्या ज्ञातींजवळ पैसा होता त्यांनी आपापल्या ज्ञातीपुरती रुग्णालये काढली. ते त्यांचे त्यांनी चांगलेच केले. परंतु ज्या ज्ञातीजवळ पैसा नव्हता तिचे काय? तिच्यासाठी ससाण्यांचा माळ होता आणि एका म्हातारीची पाठ होती.

त्यानंतर एकशे तेवीस वर्षांनी तोच कायदा पुन्हा फडताळातून निघाला. ता. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता सांगितले की, बारा वाजता सगळा देश बंद. चार तासांत कोठे जावे हे ज्याला स्वतःचे घर आहे त्याला विचारावे लागले नाही. ज्याचे घर म्हणजे बांधकामावरचा पत्रा, आणि ज्याची भाकरी म्हणजे त्या दिवसाची मजुरी, तो चालू लागला. ता. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ सोळा मजूर रेल्वेच्या रुळांवर झोपेत मालगाडीखाली मेले. जालन्याहून निघाले होते, भुसावळ गाठून पुढे मध्यप्रदेशात घरी जायचे होते. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या पसरल्या होत्या. त्यांना करोनाने मारले नाही. त्यांना आपल्या बंदोबस्ताने मारले.

आणि असल्या वेळी लोकांना शिव्या द्यायला कोणीतरी लागतो. दिल्लीच्या तबलिगी मेळाव्याचे निमित्त झाले आणि गावोगावच्या मुसलमान भाजीवाल्याला वेशीवर अडवू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या मेळाव्यास आलेल्या परदेशी लोकांवरचे खटले रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असे बजावले. पण तोवर भाजीवाल्याचा गाडा उलटून गेला होता. साथीत आज त्याचा गाडा उलटतो, उद्या तुमचा उलटेल, हे ध्यानात धरा.

दुसऱ्याचे दोष मोजणे सोपे असते, म्हणून आता माझा सांगतो. त्या वर्षी माझ्या गावी मुंबई-पुण्याहून परत आलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवण्याचे ठरले. त्यासाठी गावाने समिती नेमली. सात जण होतो, सातांत मीही होतो. वेशीवर बोराटीच्या काट्या लावल्या आणि मोठे काम केले असे आम्हास वाटले. ज्यांचे मळ्यात घर होते ते मळ्यात राहिले; शाळेत उरले ते ज्यांना मळा नाही ते. डबा ज्याने त्याने आपल्या घरून आणावा असा आम्ही नियम केला. नियम सर्वांना सारखा! परंतु वस्तीतल्या तीन घरांत मजुरी बंद झाल्याने चूलच पेटत नव्हती, हे आम्हा सातांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी आमच्या गावची आशाताई माझ्या दारात येऊन म्हणाली, "दादा, शाळेतली दोन पोरं पाणी पिऊन झोपतात. तुमच्या समितीत वस्तीतलं कोणी असतं तर हे मला सांगायला यावं लागलं नसतं." बंधूंनो, मी व्यासपीठावरून समतेवर पुष्कळ बोललो आहे. त्या दिवशी मी खाली मान घालून उभा होतो. आम्ही दुष्ट नव्हतो. आम्हास दिसतच नव्हते, कारण ज्यास दिसते त्यास आम्ही बसवले नव्हते.

आता बंदोबस्त कसा करावा याचेही उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. धारावी पाहा. अडीच चौरस किलोमीटरही नसेल इतकी जागा, त्यात आठ लाखांवर माणसे, आणि बहुतेकांना सार्वजनिक संडासावाचून सोय नाही. १ एप्रिल २०२० रोजी तेथे पहिला रोगी सापडला, तेव्हा आता धारावी संपली असे शहाणे लोक बोलत होते. परंतु महापालिकेने रोगी येण्याची वाट पाहिली नाही. रोग्याच्या दारी गेली. वस्तीत दवाखाना चालवणारे जे डॉक्टर लोकांच्या रोजच्या ओळखीचे, तेच घरोघर फिरले. संडास दिवसातून अनेकदा धुतले. शाळा व क्रीडासंकुल ताब्यात घेऊन ज्याच्या घरी जागा नाही त्याची तेथे सोय केली आणि त्याला जेवण दिले. मंडळांची पोरे, संस्था, मशिदींतले लोक, सगळे कामास लागले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी तर नवा रोगी एकच आढळला. कित्येक मजूर तोवर गावी निघून गेले होते, तेही एक कारण होतेच. खोटी फुशारकी नको. तरीपण जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेतले, ते उगीच नव्हे. तिकडे केरळात स्त्रियांच्या कुटुंबश्री गटांनी ग्रामपंचायतींबरोबर गावोगावी सार्वजनिक स्वयंपाकघरे उघडली, आणि परप्रांतीय मजुराला 'अतिथी कामगार' म्हणून जेवू घातले. जेथे दारावर ओळखीचा माणूस आला आणि ताटात अन्न आले, तेथे लोकांनी रोग लपवला नाही. सगळे शास्त्र एवढ्यात आहे.

लशीचेही तेच. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या माणसांना लस हवी तर आधी मोबाईलवर नाव नोंदवा असे ठरले. ज्याच्याजवळ तसला फोन नाही, वा इंग्रजी वाचता येत नाही, त्याची लस ज्याच्या बोटात चपळाई त्याने घेतली. शहरातले लोक मोटारी घेऊन खेड्यातल्या केंद्रावर लस टोचून गेले, आणि गावची माणसे ओट्यावर बसून पाहत राहिली. सर्वोच्च न्यायालयानेही या फोनवाल्या आणि बिनफोनवाल्या भेदावर बोट ठेवले. विद्या नसली की काय काय जाते हे जोतीरावांनी सांगून ठेवले आहेच. त्या यादीत आपण आपल्या काळात लशीची भर घातली.

आणि ज्या बायांनी हे सगळे काम दारोदार फिरून केले त्यांचे काय झाले? आपल्या राज्यात सुमारे सत्तर हजार आशा आहेत. सरकार त्यांना नोकर म्हणत नाही, स्वयंसेविका म्हणते. पगार म्हणत नाही, मानधन म्हणते. जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, तेव्हा कोठे महिना दीड हजार रुपयांची वाढ कबूल झाली. पुढच्या साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. टाळ्या पुष्कळ झाल्या. परंतु टाळ्यांनी चूल पेटत नाही. मैला उचलणारा, प्रेत जाळणारा, कचरा वेचणारा यांच्या वाट्याला तर टाळ्याही थोड्याच आल्या. साथीत जे काम सर्वांत धोक्याचे ते सर्वांत कमी मोबदल्यावर, आणि तेही ठराविक जातींकडेच, हे आपण कोठवर चालू देणार?

मग करावे काय? मी चारच गोष्टी सांगतो, आणि त्यांस सरकारची वाट पाहावी लागत नाही.

पहिली. प्रत्येक गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता यांची एक समिती कागदावर आहेच. तीत स्त्रिया आणि मागासलेल्या वर्गाची माणसे असावीत असा नियमही आहे. येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा: ती समिती शेवटची कधी बसली? तीत वस्तीतले कोण आहे? उत्तर मिळेतो खाली बसू नका.

दुसरी. गावची यादी आजच करा. एकटी म्हातारी कोण, अपंग कोण, पोटुशी कोण, रेशनकार्ड नसलेले कोण, ऊसतोडीला जाणारे कोण, पालावर राहणारे कोण. साथ आल्यावर यादी करायला वेळ नसतो. तेव्हा जवळचीच घरे आठवतात.

तिसरी. आधी धान्य, मग बंदी. ज्याला घरात बसवायचे त्याचे पोट भरण्याची सोय त्या दिवशीच्या सकाळी झाली पाहिजे. नाहीतर ती बंदी नव्हे, ती शिक्षा होय.

चौथी. मदत वाटताना शेवटच्या घरापासून सुरुवात करा. वाड्यापासून सुरुवात केली तर ती वस्तीपर्यंत पोचेलच असा भरवसा नाही. वस्तीपासून सुरुवात केली तर वाड्यापर्यंत पोचल्यावाचून राहत नाही.

कोणी म्हणेल, ही दयेची भाषा झाली. मुळीच नव्हे. हा हक्काचा प्रश्न आहे, आणि शहाणपणाचाही आहे. वस्तीत धुमसणारा रोग वाड्याची भिंत मानीत नाही. परंतु वाड्याला धोका आहे म्हणून वस्ती वाचवा असे मी म्हणणार नाही. वस्तीतली माणसे माणसे आहेत, एवढे कारण पुरेसे आहे. सावित्रीबाईंनी ते पोर उचलले तेव्हा दुसरे कारण शोधले नव्हते.

एका म्हातारीच्या पाठीवर आपण किती दिवस विसंबून राहणार? त्या पाठीच्या जागी गावाची व्यवस्था उभी राहील, त्या दिवशी हा स्मृतिदिन खऱ्या अर्थाने पाळला असे होईल.