बिऱ्हाड आणि घर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भनपुरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी वक्त्याने मंडळाच्या कार्याचा गौरव करावा, असा रिवाज आहे. ते काम माझ्याहून अधिकारी अशा वडीलधाऱ्यांनी यापूर्वीच केलेले आहे. मी केंद्र सरकारचा नोकर. तीस वर्षांत सात गावे आणि अकरा घरे बदलली. म्हणून जो विषय आयुष्यभर माझ्या पाठीस लागला आहे, त्यावरच चार शब्द बोलावेत असे योजिले आहे. तो विषय म्हणजे घर.

या विचारास निमित्त झाले एका छायाचित्राचे. माझी पुतणी फिलिपाइन्समधील दवाव येथे वैद्यकीचे शिक्षण घेते. आपल्याकडील पुष्कळ मुले हल्ली तेथे जातात. तिने भ्रमणध्वनीवर एका चित्राचे छायाचित्र पाठविले. वीसएक माणसे बांबूच्या दांड्यांवर एक सबंध घर खांद्यावर घेऊन चालली आहेत. छप्पर, खिडक्या, जिना, सारे काही जागच्या जागी. खाली तिने लिहिले होते, "काका, तुमच्या बदलीच्या वेळी अशी माणसे मिळाली असती तर?"

या प्रथेस तेथे 'बायानिहान' म्हणतात. घर हलवावयाचे झाले की शेजारीपाजारी जमतात, पैसे घेत नाहीत, घरधनी त्यांना जेवू घालतो. आता ही गोष्ट बहुधा चित्रांत आणि उत्सवांतच उरली आहे. परंतु हे शक्य का होत असे, ते पाहण्यासारखे आहे. तेथील जुने खेडवळ घर, 'बाहाय कुबो', हे बांबूचे आणि निपा नावाच्या पाणथळीतील ताडाच्या पानांनी शाकारलेले असते. ते खांबांवर उभे असते. खालच्या मोकळ्या जागेत कोंबड्या, डुकरे, औते राहतात. पुराचे पाणी आले तर तेही खालूनच निघून जाते. जमीन बांबूच्या कामट्यांची, फटी ठेवून केलेली. त्यामुळे वारा खालून वर येतो आणि केरकचरा वरून खाली जातो. वादळांच्या त्या देशात असे घर उडून गेले तरी माणूस ढिगाऱ्याखाली दबत नाही आणि थोड्या दिवसांत नवे उभे राहते. टिकाऊपणा घरात नाही, तर घर पुन्हा बांधण्याच्या हातोटीत आहे.

स्पॅनिश अमदानीत तेथील सधन लोकांनी दुसऱ्या प्रकारचे घर बांधले. खाली दगड, वर लाकूड. त्याच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांच्या चौकोनी चकत्या बसवीत. हे वाचले आणि मी चमकलो. अशाच शिंपल्यांच्या खिडक्या मी गोव्यातील जुन्या घरांत पाहिल्या आहेत. दुपारचे कडक ऊन त्यांतून दुधासारखे होऊन आत येते. मनिला कोठे आणि मडगाव कोठे! पण समुद्र एकच पडला.

असो. मला अधिक लोभ वाटला तो त्यांच्या भाषेतील दोन शब्दांचा. विटामातीच्या घरास ते 'बाहाय' म्हणतात. पण जेथे मन निवते त्या घरास 'ताहानान' हा निराळा शब्द आहे. (आपल्या तहानेशी त्याचा काही संबंध नाही.) त्याचा धातू 'ताहान', आणि रडणाऱ्या मुलास उगी करतानाही तेथील आया हाच शब्द वापरतात. रडे जेथे थांबते ते घर! अशी व्युत्पत्ती एखाद्या कवीने रचली असती तर आपण तिला अतिशयोक्ती म्हटले असते.

आपल्या मराठीतही जोडी आहे, पण ती वेगळी आहे. आपण 'घर' आणि 'बिऱ्हाड' असा भेद करतो. नोकरीच्या गावी असते ते बिऱ्हाड. घर मात्र 'गावी' असते. मुंबईच्या चाळीत चाळीस वर्षे काढलेला चाकरमानी गणपतीला 'घरी' जातो, आणि कोकणातले ते घर वर्षाचे अकरा महिने कुलूप लावून त्याची वाट पाहात असते. फिलिपाइन्समध्येही हेच चालले आहे, असे पुतणी सांगते. आखातात आणि इटलीत राबणारी माणसे गावी मोठाली घरे बांधतात आणि त्यांत राहते कोण, तर म्हातारी आई.

आपल्या छत्तीसगढातील मराठी माणसाची गोष्ट मात्र या दोहोंहून निराळी आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांबरोबर रतनपुरावर आली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून कारभार केला आणि रतनपूरच्या टेकडीवर रामाचे मंदिर उभारले. इतिहासकार काहीही म्हणोत, नागपूरकर माणूस परमुलखात टेकडी शोधून तीवर राम बसवितो, तेव्हा त्यास रामटेक आठवले नसेल असे मला वाटत नाही. त्यानंतर इंग्रजी अमलात कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आपली माणसे येत राहिली. ती परप्रांतात आली नव्हती. रायपूर आणि नागपूर एकाच मध्यप्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि आपले पूर्वज ज्या खाटेवर निजले होते त्याच खाटेवर सकाळी उठले ते परप्रांतीय होऊन! पुढे २००० साली त्याच तारखेस छत्तीसगढ झाले. घर हलले नाही; सीमाच दोनदा हलली.

माझे गाव भंडारा जिल्ह्यातले. भंडारा रोडला गाडीत बसले की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग रायपूर. खिडकीतून पाहात आलात तर घरे कोठे बदलली हे सांगता येणार नाही. तीच मातीची भिंत, तीच कवेलू, तेच धानाचे बांध. आम्ही पुढच्या पडवीला सपरी म्हणतो, इथे परछी म्हणतात. आमच्याकडे मागे बाडी, इथे बारी. भनपुरीस बदली होऊन आलो त्या पहिल्याच आठवड्यात एका जुन्या घरासमोर एक बाई छुहीमातीने भिंत पांढरी करताना दिसली आणि मी सायकल थांबवून उगाचच उभा राहिलो. बाकी भनपुरी म्हणजे कारखाने, मालमोटारी आणि लाकडाच्या वखारी. उरला-सिलतऱ्याची काळी धूळ गच्चीवरच्या वाळवणावर बसते, हे येथील भगिनींना मी सांगावयास नको.

गतवर्षी गावच्या घराची वाटणी झाली. चुलतभावांचे म्हणणे वाजवी होते. घर पडावयास आले होते, कवेलू फेरण्यास माणसे मिळत नव्हती, आणि तेथे राहणारे कोणीच नव्हते. त्यांनी हक्कसोडपत्र पाठविले. तो कागद तीन आठवडे माझ्या टेबलावर होता. आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर त्याच दिवशी सही करणारा मी, या एका सहीला तीन आठवडे लावले. सौभाग्यवती एकदाच म्हणाल्या, "तिथे आपण शेवटचे कधी राहिलो होतो, सांगा बरे." मला सांगता आले नाही. मुलांना तर ते घर लग्नकार्याच्या छायाचित्रांतूनच ठाऊक.

मी सही केली. एवढीच अट घातली की माजघराच्या दाराची सागवानी चौकट मला द्यावी. तिच्या माथ्यावर गणेशपट्टी आहे आणि उजव्या बाजूला आजीने दुधाचा हिशेब ठेवण्यासाठी ओढलेल्या कोळशाच्या रेघा तेलपाण्याने लाकडात मुरल्या आहेत. भाऊ हसले, पण त्यांनी ती उतरवून मालमोटारीने पाठविली. चार माणसांनी ती माझ्या बिऱ्हाडात आणली, तेव्हा मला दवावचे ते चित्र आठवले. आमच्या खांद्यावर घराचा एवढाच भाग यावयाचा होता.

सेवानिवृत्तीनंतर राहण्यासाठी येथेच एक सदनिका घेतली आहे. ती चौकट तेथे बसवावी म्हणून सुतारास बोलाविले. त्याने फीत लावून मापे घेतली. चौकट दीड हात मातीच्या भिंतीसाठी घडविलेली, आणि इथली भिंत जेमतेम वीतभर. उंचीही कमी. "साहब, इसमें तो झुककर जाना पड़ेगा," तो म्हणाला. वर नवा तुकडा जोडून उंची वाढवू का, असे त्याने विचारले. तसे केले तर गणेशपट्टी काढावी लागते.

चौकट सध्या सपरीत, म्हणजे आमच्या बाल्कनीत, भिंतीला टेकवून ठेवली आहे. सुतारास मी पुढच्या रविवारी ये म्हणून सांगितले आहे.