मातीचा वास आला की घरची वाट धरा



रेणापूर, पानगाव, खरोळा, पोहरेगाव, जिथं कुठं बसून ऐकत असाल, तिथं हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडं द्या. आज आपण हवामानावर बोलणार आहोत. बातम्यांत ‘आर्द्रता’, ‘कमी दाबाचा पट्टा’ असे शब्द येतात आणि आपण म्हणतो, हे काही आपल्या कामाचं नाही. पण शेतात राबणाऱ्या बाईला हे कळलं तर तिचा जीव वाचू शकतो.

सुरुवात घरातल्या माठापासून करू. चैत्रात माठातलं पाणी कसं गारेगार लागतं! तोच माठ, तेच पाणी, पण मृगाच्या तोंडावर आभाळ भरून आलं की पाणी तसं गार होत नाही. कुलरसुद्धा तेव्हा नुसता दमट वारा फेकतो. असं का होतं? माठ पाझरतो, बाहेर आलेल्या पाण्याची वाफ होते, आणि ती वाफ जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार होतं. पण हवेत आधीच भरपूर वाफ असेल तर हवा आणखी वाफ घेत नाही. माठ थंड होत नाही आणि आपल्या अंगावरचा घामही वाळत नाही. आपण म्हणतो, काय उकडतंय! हवेतल्या या वाफेलाच आर्द्रता म्हणतात.

ही वाफ किती असते? दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी एक खोली धरा. ३० अंश तापमानाला त्या खोलीतली हवा जास्तीत जास्त ८५० ग्रॅमच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. तीच हवा २० अंशांवर आणली तर तिच्यात फक्त ५०० ग्रॅमच्या आसपास मावतं. उरलेलं पाणी बाहेर पडतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब येतात ते असेच. तांब्या पाझरत नाही, हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं.

आता हेच आभाळात कसं होतं ते बघू. आपली काळी जमीन दुपारी तापते. तिच्यावरची हवा गरम होऊन हलकी होते आणि वर चढते. वर जाईल तशी ती थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे थेंब बनतात. तो झाला ढग. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. वाफ होताना तिनं जी उष्णता उचललेली असते, ती पाणी होताना परत देते. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढताना वाफेचा चटका किती जोराचा बसतो, ते आपल्याला माहीत आहे. तीच उष्णता ढगात मोकळी होते, हवा आणखी गरम होते, आणखी वर चढते. असा ढग १२ ते १५ किलोमीटर उंच जातो. म्हणजे ज्या वाफेनं आपला घाम वाळू दिला नाही, तीच वादळाचं सरपण आहे. फार उकडलं की संध्याकाळी वळीव येतो म्हणतात, त्यात असं शास्त्र आहे.

पण आपल्या मराठवाड्यात समुद्र नाही, मग इतकी वाफ येते कुठून? बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून वारे ती घेऊन येतात. जिथं हवेचा दाब कमी, तिकडं वारे ओढले जातात. अशा जागांची रांग म्हणजे बातम्यांतला ‘कमी दाबाचा पट्टा’. हे दमट वारे आणि उत्तरेकडून आलेली कोरडी, थंड हवा एकत्र आली की वादळाला जोर चढतो. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात पुन्हा पुन्हा गारपीट झाली, ती आठवते ना? काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा झोपला. त्या दिवसांत वर थंड हवा आणि खाली समुद्राकडची दमट हवा असा मेळ जमला होता. उंच ढगात थेंब गोठतात, वाऱ्यानं पुन्हा वर फेकले जातात, त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. मोठी गार फोडून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते यामुळं.

थंड देशांत अशा दोन हवा शेकडो किलोमीटर लांब रेषेवर भिडतात. तिकडं तिला हवेची आघाडी म्हणतात. आपल्याकडं तेवढी मोठी आघाडी होत नाही, पण तिची धाकटी बहीण आपल्याला चांगली माहीत आहे. पाऊस यायच्या आधी एकदम गार वारा सुटतो, धुरळा उडतो, मातीचा वास येतो, तीच ती. पलीकडं कुठंतरी पाऊस पडायला लागलेला असतो, त्याच्याबरोबर ढगातली थंड हवा धाडकन खाली आदळते आणि चहूकडं पसरते. ती गरम हवेच्या खाली शिरते, तो हा वारा. वास पलीकडच्या भिजलेल्या मातीचा असतो.

आणि इथंच आपलं चुकतं. तो वारा अंगाला बरा वाटतो, आपण म्हणतो, अजून पाऊस आला नाही, एवढी ओळ संपवू. पण वीज पावसाची वाट बघत नाही. ढगात बर्फाचे कण एकमेकांवर घासून वीज साठते आणि ती पावसाच्या सरीपासून १० किलोमीटर लांबसुद्धा पडू शकते. देशात दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं विजेनं मरतात. त्यात बहुतेक खेड्यातली, शेतात काम करणारी.

म्हणून एक हिशोब पाठ करा. वीज चमकली की अंक मोजायला लागा, गडगडाट ऐकू येईपर्यंत. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीसच्या आत आवाज आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच काम सोडायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. फोन असेल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप ठेवा. आपल्या २० ते ४० किलोमीटर परिसरातल्या विजेचा इशारा ते देतं.

जायचं कुठं? पक्क्या घरात, नाहीतर दारं-काचा लावलेल्या जीपमध्ये. ट्रॅक्टर, मोटारसायकल, शेतातलं पत्र्याचं शेड, खोपी यांचा भरवसा नाही. चिंच किंवा लिंबाखाली तर मुळीच थांबू नका. झाडावर पडलेली वीज खोडातून जमिनीत पसरते. म्हणूनच एका झाडाखालच्या दहा शेळ्या एकदम मरतात. जाणं शक्यच नसेल तर एकमेकींपासून लांब होऊन, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, डोकं गुडघ्यांत घाला, कान झाका. आडवं पडू नका. पाय जुळवायचे, कारण जमिनीतली वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते.

कुणावर वीज पडलीच तर तिला हात लावायला भिऊ नका, तिच्या अंगात वीज राहत नाही. १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभरेक वेळा दाबत राहा. वेळेवर दाबलं तर माणूस परत येऊ शकतं.

आणखी एक. पायाळू माणसावर वीज पडते, असं आपल्याकडं म्हणतात. मैत्रिणींनो, वीज कुणाचा जन्म बघत नाही. मोकळ्या रानात उंच काय आहे ते बघते. कुणाला पायाळू म्हणून शेतावरून हाकलू नका, आणि पायाळू नाही म्हणून कुणी निर्धास्तही राहू नका.

आता खरी अडचण. सोयाबीनच्या काढणीला आपण गुत्तं घेतो. थांबलं की मजुरी बुडते. वारा सुटला की मालक म्हणतो, आधी बनीम झाका. ताडपत्री ओढायला चौघी-पाचजणी मोकळ्या रानात धावतात, ऐन धोक्याच्या वेळी. एकटी बाई ‘मी निघते’ म्हणू शकत नाही. टोळी मात्र म्हणू शकते. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हे ठरवून टाका. गुत्तं बोलतानाच सांगायचं, आभाळ गडगडलं की आम्ही निघणार, राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी करून देऊ. आभाळ आलेल्या दिवशी ताडपत्री दुपारच्या भाकरीआधीच बनमीजवळ आणून ठेवायची आणि ढग लांब असतानाच झाकायची. टोळीतल्या एकीनं आभाळावर नजर ठेवायची, आणि ती ‘चला’ म्हणाली की कुणी वाद घालायचा नाही.

राहिलेली ओळ उद्या कापता येते. भिजलेलं सोयाबीन वाळवता येतं. घरी वाट बघणाऱ्या लेकरांना त्यांची आई मात्र संध्याकाळी दारात दिसली पाहिजे.

तुमच्या गटानं काय ठरवलं ते आम्हाला नक्की कळवा. बरं, येतो आम्ही. राम राम.