वर्ग आवडला की विषय कळला?

आजचा भाग कापूरहोळहून. पुणे-सातारा महामार्गावर भोर आणि सासवडकडे फाटे फुटतात, तेच हे गाव. विषय मात्र एमबीएच्या वर्गातला. शिक्षक चांगलं शिकवतो, हे ठरवायचं कसं?

मी एका कॉलेजात कॉस्टिंग शिकवायचो. सत्र संपताना मुलं फीडबॅक फॉर्म भरायची आणि मला पाचपैकी साडेचार गुण ठरलेले. मी खूश! एकदा इथल्याच एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, घरचं हॉटेल आहे. दिवसाला किती मिसळ विकल्या तर तोटा होणार नाही?" म्हटलं, "ब्रेक-इव्हन झालंय ना आपलं? मांड की." व्याख्या पाठ होती, हिशेब मांडता येईना. बाकीच्या वर्गालाही येईना.

हिशेब असा. समजा भाडं, पगार, वीज मिळून महिन्याला 60,000 रुपये. प्लेट 80 ची, त्यात सामान 40 चं. प्लेटमागे 40 सुटले, म्हणजे महिन्याला 1,500 आणि दिवसाला 50 प्लेट. कर्ज काढून फी भरलेल्या घरच्या मुलाला एवढं जमत नसेल, तर माझे साडेचार गुण काय कामाचे?

मिलानच्या बोकोनी विद्यापीठातला एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं कुठल्या शिक्षकाकडे कोण, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलेलं होतं. ज्यांची मुलं पुढच्या विषयांत सरस ठरली, त्या शिक्षकांना फीडबॅकमध्ये सहसा कमी गुण होते. हवामानाचाही गुणांवर परिणाम दिसला. मग भोरच्या पावसात आमचं काय होणार!

म्हणून मुलांना विचारूच नये का? तसं नाही. नॅकनंही 2017 मध्ये विद्यार्थी समाधान सर्वेक्षण मूल्यांकनात आणलं. तास वेळेवर होतो का, शंका विचारता येते का, हे मुलंच सांगू शकतात. पण विषय कळला का, हे फक्त त्या फॉर्मवरून ठरत नाही.

मी तीन गोष्टी सुरू केल्या. चौथ्या आठवड्यात निनावी चिठ्ठी : काय कळलं नाही? उत्तर पुढच्याच तासाला. दुसरं, एक सहकारी मागच्या बाकावर बसतो आणि नंतर चहावर स्पष्ट बोलतो. तिसरं, पुढच्या सत्राच्या शिक्षकांना विचारतो, माझी मुलं कुठं अडतात?

पहिल्या चिठ्ठ्या वाचून रात्री झोप लागली नव्हती, खरं सांगतो. पण सत्र अजून हातात होतं. शेवटी कळून काय उपयोग, मुलं तर निघून गेलेली असतात.

तुमच्याकडे काय करता, जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात.